धागा: लोहारकाम, मुली आणि न मिळालेली दुसरी सीडी

मधलीसुट्टी | शनिवार, रात्री ११:१०

२००२ च्या मे महिन्यातली गोष्ट. दहावीची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता आणि आत्तेभावाचा चिप मारलेला (म्हणजे नकली सीड्याही चालणारा) प्लेस्टेशन महिनाभरासाठी आमच्या घरी मुक्कामाला होता. (पहिला प्लेस्टेशन, करड्या रंगाचा, झाकण उघडून सीडी घालायचा.) स्टेशनबाहेरच्या एका टपरीवर पन्नास रुपयाला एक सीडी मिळायची. कव्हर म्हणजे रंगीत झेरॉक्स, तीही तिरकी कापलेली. टपरीवाल्याला विचारलं, हा कसला गेम? म्हणाला, "फायटिंग आहे, घेऊन जा. हजार हात." गेमचं नाव 'थाउजंड आर्म्स'. आर्म्स म्हणजे इथे हत्यारं, हे ना त्याला ठाऊक ना मला.

घरी येऊन लावला तर आधी कार्टून, मग गाणं आणि मग एक केसाळ पोरगा रस्त्यातल्या प्रत्येक मुलीशी लाडात बोलतोय. फायटिंगचा पत्ता नाही. आई मागे तांदूळ निवडत बसलेली. काय अवस्था झाली असेल ते समजून घ्या.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नायक माइस ट्रायंफ. घराणं लोहारांचं, पण साध्या नाही, 'स्पिरिट ब्लॅकस्मिथ', म्हणजे हत्यारात शक्ती उतरवणाऱ्या लोहारांचं. कांत नावाचं त्याचं गाव डार्क अ‍ॅकोलाइट्स नावाची टोळी उद्ध्वस्त करते, हा पळतो आणि बॉइझबी नावाच्या गावात ज्याबिल या उस्ताद लोहाराच्या हाताखाली येतो. ज्याबिलची धाकटी बहीण सोडिना. इथवर ठीक. आता मेख अशी की या जगात लोहाराला एकट्याने काहीच घडवता येत नाही. भट्टीपाशी त्याच्याबरोबर एक मुलगी लागते आणि तिचं त्याच्यावर जितकं मन बसलेलं असेल तितकं हत्यार तेजस्वी होतं. म्हणून मग तिला भेटवस्तू द्या, फिरायला न्या, ती प्रश्न विचारेल त्याला समोरच्या पर्यायांतून उत्तर द्या. उत्तर आवडलं तर जवळीक वाढते. मग तिला घेऊन भट्टीवर जा, कुठलं हत्यार ते निवडा, अग्नी की पाणी की वीज ते तत्त्व निवडा. हत्यार एक पायरी वर जातं आणि त्यातून नवे मंत्र मिळतात. दुकानातून तलवार विकत घेऊन भागत नाही. असलेलीच पुन्हा पुन्हा भट्टीत घालायची.

मी महिनाभर जीव तोडून खेळलो. आणि एका रात्री पडद्यावर आलं, दुसरी सीडी टाका.

दुसरी सीडी! टपरीवर गेलो. तो शांतपणे म्हणाला, "मग गेम संपला असेल."

तर धागा काढायचं कारण असं. मागच्या आठवड्यात दोन्ही सीड्यांचा जुना संच अखेर हाती लागला आहे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतोय, कारण खेळ जिथवर आला ते साठवणारं मेमरी कार्ड आत्तेभावाने केव्हाच पुसलं. खेळता खेळता एक प्रश्न डोक्यात घोळतोय, तेव्हा सोळाव्या वर्षी पडला नव्हता. प्रेम आणि लोहारकाम ही भेळ कशाला? कुणाला सुचली? नुसती गंमत म्हणून दोन गोष्टी एकत्र कोंबल्या की काही नातं आहे?

---

वांगीभात | शनिवार, रात्री ११:२२

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असं आमचे मास्तर सांगायचे. हा पठ्ठ्या एका तलवारीसाठी पाच-सहा म्यानं फिरवतोय.

बाकी टपरीवाल्याला साष्टांग नमस्कार. "मग गेम संपला असेल" हे मी ऑफिसात वापरणार.

---

पिक्सेलपंत | शनिवार, रात्री ११:५८

मधलीसुट्टी, कुठल्या कुठे नेलंत राव!

"कुणाला सुचली" याचं उत्तर निम्मं सोपं आहे. गेम बनवला रेड कंपनीने अ‍ॅटलसच्या साथीने आणि बाजारात आणला अ‍ॅटलसने. जपानमध्ये डिसेंबर १९९८, अमेरिकेत इंग्रजी आवृत्ती १९९९. या रेडवाल्यांनीच दोन वर्षं आधी, १९९६ मध्ये, सेगा सॅटर्न या गेमयंत्रासाठी सेगाच्या साथीने 'साकुरा ताइसेन' केला होता. वाफेवर चालणारी चिलखतं, ती चालवणाऱ्या नाटक कंपनीतल्या मुली आणि त्यांचा एक बावळट कॅप्टन. त्यात मुलींशी बोलताना उत्तर द्यायला ठरावीक वेळ मिळायचा. वेळ संपला तर गप्प बसणं हेच तुमचं उत्तर धरायचे. बोलणं जमलं की लढाईत त्यांचं बळ वाढायचं. म्हणजे "बोलण्यातून बळ" हे सूत्र त्यांच्या घरचंच होतं. इथे ते चिलखताऐवजी भट्टीला जोडलं, इतकंच.

त्याच्याही मागे १९९४ चा कोनामीचा 'तोकिमेकी मेमोरियल' आहे. शाळेची तीन वर्षं, अभ्यास, खेळ आणि मुली. त्यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे एखादीकडे बरेच दिवस दुर्लक्ष केलं की तिच्या नावापुढे बॉम्ब येतो. तो फुटला की बाकीच्या मुलींमध्येही तुमची अब्रू जाते. नव्वदच्या दशकात जपानी गेमवाल्यांना या प्रकाराचं वेडच लागलं होतं. तेव्हा भूमिका-खेळात (आरपीजीत) हे घुसणारच होतं.

लढाईबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मीच सांगतो, फार खास नाही. आपल्या बाजूच्या तिघांपैकी फक्त पुढचा एक लढतो. मागचे दोघे मंत्र टाकतात, औषध देतात, नाहीतर आपल्याला चिअर करतात आणि शत्रूला टोमणे मारतात. दहा तासांनी कंटाळा येतो. मी तर शेवटी शेवटी लढाई सुरू झाली की चहा ठेवायला जायचो.

---

तिरकस | रविवार, सकाळी ९:०५

मी हा गेम कॉलेजात खेळले आहे, दोन्ही सीड्या. त्यामुळे थोडं विरजण घालते, दिवे घ्या.

गेममध्ये मुलगी ही नाणं टाकायचं मशीन आहे. वरून भेटवस्तू टाका, बरोबर बटण दाबा, खालून मंत्र बाहेर येतो. वेगळे मंत्र हवे असतील तर वेगवेगळ्या मुली, म्हणजे एकीवरच जीव जडवून बसलात तर नुकसान तुमचंच. कायलीन एवढी यंत्रं बनवणारी बाई, तिला स्वतःचं डोकं आहे, स्वतःचे हात आहेत, पण भट्टीपाशी तिचं काम काय? तर माइसवर मन बसवून उभं राहायचं. हातोडा त्याच्या हातात. नाव ट्रायंफ घराण्याचं.

आणि ते फिरायला गेल्यावरचे प्रश्न! बरोबर उत्तर कसं ओळखायचं? मी दोन दिवसांत शिकले. तिला जे ऐकायचंय ते बोलायचं. खरं काय वाटतं याला गेममध्ये जागाच नाही. पंत, तुमचा तो बॉम्बवाला गेम मला जास्त प्रामाणिक वाटतो. निदान तिथे दुर्लक्षाची किंमत मोजावी लागते.

विनोद मात्र चांगला आहे, ते मान्य. इंग्रजी आवाज देणाऱ्यांनी जो काही जीव ओतलाय, विशेषतः मुझा या ओरडणाऱ्या पात्रासाठी, तो ऐकण्यासारखा आहे.

---

वांगीभात | रविवार, सकाळी ९:३१

बरोबर बटण दाबलं की मंत्र बाहेर. ताई, आमच्या घरी मशीन वेगळं आहे. बटण कुठलंही दाबा, "काही नाही" असं बाहेर येतं.

---

भाता | रविवार, दुपारी २:४०

नाव वाचून धागा उघडला. गेम मी खेळलेलो नाही, पण लोहारकाम घरचं आहे म्हणून लिहितोय. चालेल ना?

आमची लोहारसाळ संगमनेरच्या पुढे एका गावात. आजोबांपर्यंत पूर्ण वेळ चालायची, वडिलांच्या काळात अर्धवेळ, आता सुगीच्या तोंडावर दोन-तीन महिने. नांगराचे फाळ, कुऱ्हाडी, कोयते, खुरपं शेवटून, म्हणजे धार काढून, घ्यायला येणाऱ्या बाया. तलवारी कधी केल्या नाहीत, दादा, त्यामुळे मंत्राचं माहीत नाही.

पण "एकट्याने घडवता येत नाही" हे वाचलं आणि हसू आलं, कारण ते सरळ सरळ खरं आहे. तापलेलं लोखंड एका हाताने सांडशीत धरायचं, दुसऱ्या हातात छोटी हातोडी. मग घण कोण मारणार? आमच्याकडे आजी मारायची. भाताही तीच ओढायची. आणि आमचं सोडा, घिसाड्यांच्या पालावर जाऊन बघा. रस्त्याच्या कडेला नवरा उकिडवा बसून लोखंड फिरवत असतो आणि बाई उभी राहून, पदर खोचून, डोक्यावरून घण आणते. गावोगाव लोकांनी पाहिलेलं दृश्य आहे.

एक बारीक गोष्ट सांगतो, ती लांबून दिसत नाही. त्या कामात दोघं बोलत नाहीत. बोलायला फुरसतच नसते, लोखंड लाल आहे तोवरच काय ते. आजोबा छोट्या हातोडीने टक् करायचे, जिथे टक् तिथे आजीचा घण. टक् हलका तर घणही हलका. टक् सरकला की घण सरकला. आणि लोखंड सोडून बाजूला ऐरणीवर मोकळी टक्-टक् वाजली की थांब. बाहेर ओट्यावर बसून डोळे मिटले तरी मला कळायचं की फाळ कुठवर आलाय. टक्-धप्प, टक्-धप्प, टक्-धप्प. आणि ज्या दिवशी दोघांचं सकाळी वाजलेलं असायचं त्या दिवशी तेही ऐकू यायचं. टक्. (मध्ये नको तेवढी शांतता.) धप्प. त्या दिवशीचे कोयते आजोबा पुन्हा भट्टीत घालायचे.

तिरकसताई, म्हणून विचारतो. गेममध्ये मुलगी भट्टीपाशी नुसती उभी असते की तिच्या हातात काही असतं?

---

तिरकस | रविवार, दुपारी ३:१२

भाता, हातात घण नसतो. मन असतं म्हणे.

तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. ती "नको तेवढी शांतता" डोक्यातून जात नाहीये.

---

नवखा | रविवार, सायंकाळी ६:००

धागा भन्नाट. मी २००४ चा जन्म, माझ्याकडे प्लेस्टेशन पाचवा आहे, त्यावर हा मिळेल का? आणि प्रश्नांची बरोबर उत्तरं कुठे लिहिलेली सापडतील? चुकीचं उत्तर देऊन वेळ घालवायचा नाहीये.

---

ओसाकाकर | रविवार, रात्री ८:४५

मी इथे जपानमध्ये भाषांतराचं काम करते, त्यामुळे मधलीसुट्टी यांच्या प्रश्नाला शब्दांकडून हात घालते. आणि भाता यांचा प्रतिसाद वाचून अक्षरशः खुर्चीतून उठले.

जपानीत एक शब्द रोज, दिवसातून शंभर वेळा उपयोगी पडतो, आइझुची. समोरचा बोलत असताना आपण मध्ये मध्ये "हं", "हो का", "मग?" करतो ना, तो हुंकार. इथे तो दिला नाही तर समोरचा थबकतो. फोनवर तर "ऐकू येतंय ना?" असं विचारतो. मी नवीन होते तेव्हा आपल्या सवयीने माणूस बोलून संपेपर्यंत सभ्यपणे गप्प बसायचे आणि सगळ्यांना वाटायचं की मी रागावले आहे.

तर हा आइझुची शब्द आला लोहाराच्या भट्टीतून. मूळ अर्थ, समोरासमोर उभं राहून आळीपाळीने मारलेला जोडीदाराचा घण. उस्ताद छोट्या हातोडीने जागा दाखवतो, समोरचा घण मारतो. भाता यांचे आजी-आजोबा तंतोतंत! संभाषणात साथ देणं आणि घणाची साथ देणं, जपानीला एकच क्रियापद पुरतं, 'आइझुची मारणे'.

आता पुढची गंमत. जोडीदारांचे घण बेताल पडले की जो विचित्र आवाज येतो, तोन्-चिन्-कान्, त्यावरून 'तोन्चिन्कान' म्हणजे भलतंच, विचारलं एक आणि सांगितलं एक, असं बोलणं. सोडिनाने प्रश्न विचारला आणि माइसने चुकीचा पर्याय निवडला, तर जपानी खेळाडू मनात हाच शब्द म्हणेल.

दोघांचं पटत नसेल तर म्हणतात "बाक जुळत नाही". तलवारीचा बाक आणि म्यानाचा बाक. रुसून वेगळं झालेलं जोडपं पुन्हा एकत्र आलं की "मूळच्या म्यानात परतले". आपल्याकडे दोघांचं सूत जुळतं, इथे बाक जुळतो. आपलं प्रेम मागावरचं, यांचं भट्टीवरचं. तेव्हा ही भेळ गेमवाल्यांनी केली असं मला वाटत नाही. भाषेत ती आधीच कालवून ठेवलेली होती.

नवखा, तुझ्यासाठीही एक शब्द आहे. बोथट लोखंडाला फक्त धारेपुरतं पोलाद चिकटवलं की त्याला म्हणतात त्सुकेयाकिबा. ऐनवेळी पाठ करून आणलेल्या शहाणपणालाही हाच शब्द. बरोबर उत्तरांची यादी समोर ठेवून फिरायला जाणं म्हणजे ते. बाकी तुझी मर्जी.

---

वांगीभात | रविवार, रात्री ८:५३

आइझुची आमच्या मातोश्रींना जन्मजात अवगत आहे. फोनवर पाऊण तास नुसतं "हो ना… अगंबाई… मग?"

---

भाता | रविवार, रात्री ९:३०

ओसाकाकर ताई, वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तिकडच्या लोहाराची बायको पण दमत असंल.

---

ओसाकाकर | रविवार, रात्री १०:१५

भाता, इथेच खरी गोम आहे. जपानात समोर बायको नसायची! घण मारणारे शिष्य असत, बहुधा पुरुषच. आणि चुगोकू भागात, म्हणजे शिमाने वगैरेकडे, जिथे तातारा भट्टीत लोहवाळूपासून तलवारीचं पोलाद गाळतात, तिथे तर बायकांना भट्टीच्या आसपासही फिरकू देत नसत. कारण काय, तर भट्टीची देवता कानायागो ही स्त्री आहे आणि तिला बायका आवडत नाहीत. आहे की नाही सोय?

एक आख्यायिका मात्र या गेमच्या अगदी जवळची आहे. क्योटोचा सांजो मुनेचिका, दहाव्या शतकातला नामांकित लोहार. इचिजो सम्राटाने त्याला तलवार घडवायचा हुकूम दिला. त्याची अडचण पैशाची नव्हती, पोलादाचीही नव्हती. बरोबरीने घण मारील असा जोडीदार नव्हता. तो इनारी देवाला साकडं घालतो, तर ऐन वेळी कोल्ह्याचं रूप घेतलेला देवदूत येऊन समोर उभा राहतो आणि घण मारतो. तलवारीचं नाव ठेवतात कोगित्सुनेमारू, म्हणजे छोटा कोल्हा. नोह या जुन्या जपानी नाट्यप्रकारात आजही हे दाखवतात. दोघं आळीपाळीने घाव घालतात तो क्षण बघायला लोक थांबलेले असतात. तलवार कशी दिसते याचं कुणाला काही नसतं.

म्हणजे तिरकस म्हणतात ते बरोबरच आहे. गेमवाल्यांनी त्या जोडीदाराच्या जागी मुलगी आणली, पण तिच्या हातात घण द्यायला विसरले.

---

तिरकस | सोमवार, सकाळी ८:२०

सहमत. आणि आता माझी तक्रार मलाच नीट कळली. तिला हो-ला-हो मिळतं आहे यावर माझा आक्षेप नाही. तिचा घाव कधी पडतच नाही, यावर आहे. फिरायला गेल्यावर ती विचारते, तो उत्तर देतो, ती खूष किंवा नाखूष. त्याने तिला काही विचारलंय असं होत नाही. टक्-टक्-टक्. धप्प नाहीच.

---

पिक्सेलपंत | सोमवार, सकाळी ११:४०

तिरकस, मग तुम्ही 'समन नाइट: स्वोर्डक्राफ्ट स्टोरी' खेळा. मनापासून सांगतो.

गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रावरचा, फ्लाइट-प्लॅन कंपनीने बनवलेला. जपानमध्ये २००३, इंग्रजीत २००६, तोही अ‍ॅटलसनेच आणला. पाण्यावर वसलेलं विस्टर्न नावाचं तलवारींचं शहर. सात क्राफ्टलॉर्ड, म्हणजे उस्ताद कारागीर, ते चालवतात. त्यातला एक, शिन्तेत्सू, शहर वाचवताना मेला, त्याला तीन वर्षं झालीत. त्याची रिकामी जागा भरायला स्पर्धा लागते आणि त्यात उतरतं त्याचंच पोर. मुलगा घ्या नाहीतर मुलगी घ्या, मर्जी तुमची. मी मुलगी घेऊन खेळलो. प्रॅटी. हातोडा तिच्याच हातात, तक्रारीला जागा नाही.

यातलं लोहारकाम 'थाउजंड आर्म्स'पेक्षा खूप ठोस. तलवार, भाला, कुऱ्हाड, मुठीवरचं हत्यार आणि चक्क ड्रिल असे प्रकार. शहराखालच्या भुयारातून कच्चा माल आणायचा आणि घडवायचं. प्रत्येक हत्याराला आयुष्य असतं, वापरून वापरून ते मोडतं. स्पर्धेत समोरच्याला हरवायला त्याची ताकद संपवा किंवा त्याचं हत्यार मोडा. मोडलंत तर ते कसं घडवायचं ही विद्या तुमच्याकडे येते. यामुळे काय होतं की तुम्ही माणसाकडे न बघता त्याच्या हातातल्या लोखंडाकडे बघायला लागता. मी एकेका सामन्यात जिंकता जिंकता हात आखडता घ्यायचो, हा मरायच्या आत याची कुऱ्हाड मोडली पाहिजे म्हणून.

आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी रात्री गप्पा. सोबतीला एक संरक्षक प्राणी असतो. तो कोण मिळणार हे सुरुवातीला तुम्ही दिलेल्या उत्तरांवर ठरतं. दिवसभरात काय झालं यावर दोघं बोलतात. प्रेमप्रकरण म्हणावं इतकं ते ठळक नाही. पण कोणाशी किती जमलं त्यावर शेवट बदलतो. भेटवस्तू नाही, फिरायला नेणं नाही. थकून बसलेली दोन माणसं बोलतात, बस.

जाता जाता, अ‍ॅटलसनेच २००६ मध्ये 'पर्सोना ३' काढला. त्यात ओळखीपाळखी वाढवल्या की एकत्र जोडून घडवलेल्या शक्ती जास्त बळकट निघतात. थेट वारसा आहे असं मी म्हणत नाही. पण भट्टी तीच, चिमणी नवीन, असं मला तरी वाटतं.

नवखा, पाचव्यावर नाही मिळणार. जुनी सीडी शोध आणि जुनं यंत्र शोध, नाहीतर सीडी असेल तर संगणकावर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम. चुकीची उत्तरं दे रे, त्यातच मजा आहे. काहीही बिघडत नाही, पुन्हा फिरायला ने.

---

तिरकस | सोमवार, दुपारी १२:०५

प्रॅटी घेतली. शोधते.

---

मधलीसुट्टी | तीन आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री १:२५

धागा वर काढतोय. माफ करा, मध्ये गायब होतो. खेळत होतो.

भेळेचं उत्तर ओसाकाकर आणि भाता यांनी दिलं, दोघांचे आभार. पण एक घडलं ते सांगतो.

पहिल्या आठवड्यात बायको शेजारी पुस्तक घेऊन बसायची, गेमकडे लक्ष नाही. मी सोडिनाला फिरायला नेलं, तिने काहीतरी विचारलं, मी सवयीने पहिला पर्याय दाबला, सोडिना नाराज. पुन्हा नेलं. पुन्हा नाराज. तिसऱ्या वेळी पुस्तकातून डोकं वर न काढता बायको म्हणाली, "तिने काय विचारलं ते वाचलंस का?" वाचलं नव्हतं. मी पर्यायच वाचत होतो. मग तिने पुस्तक ठेवलं आणि रिमोट मागावा तसा कंट्रोलर मागितला.

तेव्हापासून फिरायला ती नेते, लढाया मी करतो. तिचं एकही उत्तर चुकत नाही असं नाही, वायना या दुसऱ्या मुलीसमोर तिचीही दांडी गुल झाली. पण भट्टीवरचा निर्णय आम्ही मिळून घेतो आणि तिथे रोज भांडण. मला सगळं अग्नीत घालायचं असतं, तिला पाणी. काल त्यावरून खरंच अबोला झाला, दहा मिनिटं. भाता, तुमची "नको तेवढी शांतता" आमच्या हॉलमध्ये ऐकू येत होती. शेवटी पाणीच घातलं आणि पुढच्या लढाईत चार घावांत काम झालं. ती काही बोलली नाही. नुसतं "हं" केलं.

आता मूळ बातमी. आज रात्री एक वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर आलं, दुसरी सीडी टाका.

दोघंही बघत राहिलो. मग मी झाकण उघडलं. पहिली सीडी गरम झाली होती, तिच्यावर बोटाचे ठसे. दुसरी कव्हरमधून काढली, फुंकर मारली (सीडीला फुंकर मारून काही होत नाही, ठाऊक आहे), बसवली, झाकण लावलं. आतून ती घरघर सुरू झाली. पडदा काळा. आणि मग चालू झाला.

ती झोपायला गेलीय. तिच्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरलंय, त्यामुळे बंद करून इथे लिहीत बसलोय. पुढचं उद्या.

---

भाता | शनिवार, सकाळी ७:१५

मधलीसुट्टी, वडिलांना सांगितलं. ते म्हणतात, पाणी द्यायचं काम आमच्याकडे पण आजीच ठरवायची. लोखंडाचा रंग कुठवर उतरला की बुडवायचं हे आजोबांना दिसायचं नाही, डोळे धुराने गेले होते. ती "हं" म्हणायची, ते बुडवायचे.

---

वांगीभात | शनिवार, सकाळी ७:४०

"पुढचं उद्या" म्हणजे आणखी बावीस वर्षांनी ना?